हिगोनोकामी घेताना या चुका टाळा

हिगोनोकामी हा घडीचा जपानी चाकू. म्हणजे एक पातं, दुमडलेल्या पत्र्याची मूठ, दोन्ही जोडणारं एक रिपिट (रिव्हेट) आणि पात्याच्या मागच्या टोकाला बाहेर आलेली शेपटी. तिला चिकिरी म्हणतात. स्प्रिंग नाही, लॉक नाही. लॉक नाही हेच लोक विसरतात आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच होतात.

पातं उघडलं की चिकिरी मुठीच्या पाठीवर येते. तिच्यावर दाबलेला अंगठा हेच या चाकूचं लॉक. त्यामुळे फोटोत रुबाबदार दिसतो म्हणून मोठा आकार मागवू नका. मूठ धरल्यावर अंगठा न ताणता चिकिरीवर बसतो का, आधी ते बघा. टोक खुपसायचं किंवा डब्याचं झाकण उचकटायचं काम याला कधीच देऊ नका. पातं सरळ बोटांवर मिटतं.

नवा चाकू घट्ट किंवा ढिला निघाला की लोक वैतागून परत पाठवतात. त्याची गरज नसते, हा चाकू जुळवून घ्यायचाच असतो. घट्ट असेल तर रिपिटपाशी तेलाचा थेंब सोडा आणि थोडे दिवस उघडमीट करत राहा. ढिला असेल तर रिपिटचं एक डोकं लोखंडी ठोकळ्यावर टेकवा आणि दुसऱ्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. दोन ठोके झाले की तपासा. मिटलेला चाकू पातं खाली येईल असा धरून हलवला, तरी पातं आपोआप बाहेर येता कामा नये. ही परीक्षा अधूनमधून घेत जा, कारण खिशात उघडलेलं पातं मांडीत जातं.

पोलादाबद्दलही गैरसमज असतात. चांगल्या हिगोनोकामीत मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये आओगामी हे कडक पोलाद असतं. त्याला धार अप्रतिम लागते, पण ते गंजतं. कैरी किंवा लिंबू कापून तसाच मिटला तर गंज चढलाच समजा. विळीसारखाच लगेच पुसून कोरडा करा. राखाडी-निळसर डाग पडले तर पडू द्या, लालसर गंज मात्र तेव्हाच काढा. ओढून धार लावायची स्वस्त यंत्रं याला लावू नका. पात्याचा सगळा उतार पाणी लावून वापरायच्या १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) धारेच्या दगडावर सपाट टेकवून घासा.

नकली माल बराच आहे. हा चाकू ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा, १८९० च्या दशकातला. पुढे १९६० मध्ये जपानी नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत तलवारीने हत्या झाली आणि मुलांच्या हाती पाती नकोत अशी मोहीम उभी राहिली. मागणी घटली, कारागीर कमी होत गेले. आज हे नाव वापरायचा हक्क नागाओ कानेकोमा या एकाच कारखान्याकडे उरला आहे. विकणाऱ्याला कारखान्याचं नाव विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका.

राहता राहिला कायदा. जपानमध्ये राहणाऱ्यांनी सबळ कारणाशिवाय छोटा चाकूही खिशात ठेवू नये. आपल्याकडे पोलिसांचे मनाई आदेश लागू असतात तेव्हा तो घरीच बरा, आणि विमानात केबिन बॅगेत तर चालतच नाही.