दापोली कॅम्पातील पूर्वजाची पलटण शोधताना या चुका टाळा

दापोली, मंडणगड, खेड या तालुक्यांतील पुष्कळ घरांत ‘आमचे पणजोबा कॅम्पात होते’ एवढेच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, आणि शोधाला निघालेला वंशज साहजिकच दापोली छावणीचे दप्तर कुठे आहे याची चौकशी करू लागतो. सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. शिपायाच्या नोकरीची नोंद छावणी ठेवत नसे, ती त्याची पलटण ठेवत असे. पलटणीची बदली झाली की तिचे कागदही तिच्याबरोबर पुढच्या ठाण्याला जात. म्हणून आधी पलटण निश्चित करावी, ठाण्याचा विचार नंतर करावा.

दापोलीच्या बाबतीत काळही तपासून पाहावा लागतो. पेशवाई गेल्यावर 1818 मध्ये दक्षिण कोकणचे लष्करी ठाणे येथे बसले, 1840 च्या सुमारास नियमित फौज हलवली गेली आणि त्यानंतर वयस्क शिपायांची पलटण तेवढी 1857 पर्यंत राहिली. त्यामुळे 1860 नंतर जन्मलेला पूर्वज दापोलीच्या फौजेत चाकरीला होता असे मानून केलेला शोध वाया जातो. तो बहुधा अन्यत्र नोकरी करून पेन्शनीवर येथे येऊन राहिलेला असतो. सुभेदार रामजी सकपाळ यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे: कुटुंबाचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, नोकरी महूला, बाबासाहेबांचा जन्मही 1891 मध्ये तिथलाच, आणि निवृत्तीनंतर बिऱ्हाड दापोलीला. गाव, जन्मस्थान, नोकरीचे ठिकाण आणि पेन्शनीचे ठिकाण या चार गोष्टी कागदावर वेगवेगळ्या लिहून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पलटणीचा क्रमांक हाती लागला तरी घाई करू नये, कारण तोच क्रमांक वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या पलटणींचा असतो. मुंबई फौजेची 1824 मध्ये फेररचना झाली. पुढे 1903 मध्ये मुंबईकडील पायदळ पलटणींच्या मूळ क्रमांकात शंभर मिळवले गेले, आणि 1922 मध्ये त्या मोठ्या रेजिमेंटांत विलीन झाल्या. दहाव्या पलटणीचेच पाहा. ती 1903 मध्ये 110 वी झाली, पहिल्या महायुद्धात इराकमधील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली, 29 एप्रिल 1916 रोजी तेथील सैन्यासह शरण गेली, 1922 मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन म्हणून ओळखली जाऊ लागली आणि 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन बनली. एकाच पलटणीची ही नावे ध्यानात न घेता केवळ ‘10’ हा आकडा धरून बसणारा माणूस भलत्याच यादीत वर्षे घालवतो.

घरात पदक असेल तर ते चिंच, राख किंवा पॉलिश लावून घासू नये, अशी कळकळीची विनंती आहे. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश युद्धपदकाच्या दर्शनी बाजूवर राजाचा मुखवटा असतो, पण आपल्या कामाचा मजकूर असतो तो कडेवर: शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण, अगदी बारीक अक्षरांत. दिव्याचा उजेड तिरपा टाकून भिंगातून कडा वाचावी आणि तिचे सर्व बाजूंनी छायाचित्र काढावे. हेच पदक लढाऊ शिपायाला चांदीचे आणि मजूर पथकांतील माणसांना कांस्याचे दिले गेले. कांस्याचे पदक नकली समजून मोडीत घालणे ही फार वाईट वाटावी अशी चूक आहे, कारण त्या माणसाच्या सेवेचा तेवढाच पुरावा उरलेला असण्याचा संभव असतो.

आडनावावरून शोध घेणे असेच फसवे ठरते. जुन्या याद्यांत शिपायाचे स्वतःचे नाव आणि फार तर बापाचे नाव असते. महार शिपायांच्या नावांना ‘नाक’ हा प्रत्यय असतो, जसा तो कोरेगावच्या स्तंभावर कोरलेला दिसतो. आज कुटुंब लावते ते गावावरून पडलेले आडनाव त्या यादीत नसण्याचीच शक्यता अधिक. महार समाजाची भरती 1890 च्या दशकाच्या आरंभी बंद झाली आणि 111 वी महार पलटण 1917 मध्ये उभी राहून 1921 मध्ये मोडली गेली, हेही ध्यानात ठेवावे. मधल्या काळातील माणूस बहुधा मजूर किंवा अन्य सेवेत सापडतो.

जिल्ह्याचे नाव त्या काळचे लिहावे. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये निर्माण झाला, तेव्हा मालवण किंवा देवगडचा शिपाई ‘रत्नागिरी’खाली शोधावा, सावंतवाडी मात्र तेव्हा स्वतंत्र संस्थान होते. इंग्रजी कागदांतील दापोली आणि पुण्याजवळची दापोडी यांची स्पेलिंगे एकमेकींत मिसळतात, म्हणून आसपासच्या गावांची नावे पाहूनच निर्णय घ्यावा.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव नाही म्हणून तो युद्धावर गेलाच नाही, असे ठरवू नये. ती यादी मृतांची आहे आणि सुखरूप परतलेला शिपाई तिच्यात असणार नाही. गावच्या चावडीत किंवा शाळेत बसवलेल्या महायुद्धाच्या शिळेवर बहुधा किती गेले आणि किती कामी आले एवढेच आकडे असतात, नावे नसतात.

किल्ल्यांवरील शिबंदीचा, म्हणजे किल्ला राखणाऱ्या शिपायांचा, शोध ही निराळी वाट आहे. त्यासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आणि मोडी वाचणारा माणूस हवा.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राला पत्र लिहायचे असल्यास क्रमांक, बापाचे नाव, गाव-तालुका, बटालियन आणि अंदाजे वर्षे एकाच पानावर द्यावीत आणि पदकाच्या कडेचे छायाचित्र जोडावे. ब्रिटिश काळातील पुष्कळ कागद नष्ट झालेले आहेत, त्यामुळे उत्तर नकारार्थी आले तर मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्याच पलटणीच्या नावाने शोध चालू ठेवावा.