वर्गसमीकरण सूत्राने सोडवताना आधी विवेचक काढा

वर्गसमीकरण दिसलं की बरीच मुलं अवयव शोधत बसतात आणि अवयव काही पडत नाहीत. थोडं बघा, नाही जमलं तर सरळ सूत्र लावा, ते कुठल्याही वर्गसमीकरणाला लागतंच. समीकरण अक्ष² + बक्ष + क = ० असं मांडलं की

क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ

उदाहरण घेऊ: ३क्ष² = ५क्ष + १. याला थेट सूत्र लावायचं नाही, आधी सगळं एका बाजूला आणा म्हणजे ३क्ष² − ५क्ष − १ = ०, आणि आता अ, ब, क लिहून काढा, चिन्हासकट! अ = ३, ब = −५, क = −१. ही ओळ गाळली की पुढे घोळ ठरलेलाच.

मग सूत्रात सगळं एकदम कोंबू नका, आधी फक्त ब² − ४अक काढा, यालाच विवेचक म्हणतात. (−५)² म्हणजे २५, उणे नाही, आणि − ४ × ३ × (−१) म्हणजे + १२, कारण उणे उणे अधिक. २५ + १२ = ३७. इथेच बरेच जण २५ − १२ करून १३ लिहितात आणि मग पुढचं सगळं गेलं.

आता −ब म्हणजे +५, म्हणून क्ष = (५ ± √३७) / ६. भागाकाराची रेघ पूर्ण वरच्या भागाखाली हवी, नुसत्या √३७ खाली नाही. दहावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर नसतो, √३७ तसंच ठेवा, चालतं. ताळा बघायचा तर दोन्ही मुळांची बेरीज −ब/अ यायला हवी, इथे १०/६ म्हणजे ५/३, बरोबर.

विवेचक शून्य आला तर दोन्ही मुळं सारखी. ऋण आला, जसं क्ष² + क्ष + १ = ० मध्ये −३ येतो, तर "वास्तव मुळे नाहीत" लिहा आणि थांबा, उगाच वर्गमूळ काढत बसू नका.

सूत्र आलं कुठून हे कळलं की विसरायला होत नाही. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) आपल्या बीजगणितात श्रीधराचार्यांची युक्ती त्यांच्या नावानिशी दिलीये, ती मला पुस्तकातल्या पूर्ण वर्ग पद्धतीपेक्षा सोपी वाटते कारण अपूर्णांकच येत नाहीत. ३क्ष² − ५क्ष = १ ला ४अ ने म्हणजे १२ ने गुणा, ३६क्ष² − ६०क्ष = १२, दोन्हीकडे ब² म्हणजे २५ मिळवा, डावीकडे (६क्ष − ५)² तयार आणि उजवीकडे ३७, तोच आपला विवेचक! वर्गमूळ घेतलं की ६क्ष − ५ = ±√३७, झालं सूत्र.

शाब्दिक उदाहरणात क्ष म्हणजे बागेची लांबी वगैरे असेल तर ऋण मूळ सोडून द्यायचं, फक्त का सोडलं ते एका ओळीत लिहा.