मोबाईलच्या महागड्या करारातून मुदतीआधी सुटायचंय? या चुका टाळा

माझ्या मावसभावाने एका रात्री बँकेचं ॲप उघडलं, दर महिन्याला आपोआप कापला जाणारा मोबाईलचा हप्ता बंद केला आणि मला मेसेज टाकला, "ताई, सुटलो एकदाचा." दोन वर्षांचा करार, त्यातले चौदा महिने झालेले. मधल्या काळात निम्म्या पैशांत दुप्पट डेटा देणारे प्लॅन बाजारात आले होते, त्यामुळे राग समजण्यासारखा होता. पण सुटला कसला! तीन महिन्यांनी वसुलीवाल्यांचं पत्र आलं. उरलेले सगळे महिने, उशिराचा दंड आणि वर वसुलीचा खर्च, सगळं एकाच बेरजेत.

हप्ता थांबवला म्हणजे करार संपला, हा गैरसमज फार पसरलेला आहे. कंपनीच्या दप्तरी तुम्ही ग्राहकच राहता, फक्त थकबाकीदार ग्राहक. ती नोंद क्रेडिट रेकॉर्डवर गेली, की काही वर्षांनी गृहकर्ज काढायला जाल तेव्हा पुन्हा भेटते. रीतसर बाहेर पडला असता तर भावाचे जेवढे पैसे गेले असते, त्याहून जास्त या 'सुटण्यात' गेले. तेव्हा पैसे भरणं चालू ठेवा आणि बाहेर पडायचं काम बाजूने करा. वाद असेल तर तोही पैसे भरत भरतच घाला, 'तक्रार नोंदवून भरतोय' असं लेखी कळवून.

बिलाची फोड न करता हिशेब मांडणं

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. बिलावर एकच आकडा दिसतो, पण त्यात दोन गोष्टी गुंतलेल्या असतात. एक, हँडसेटचा हप्ता. दोन, कॉल आणि डेटाचं भाडं. पहिली गोष्ट म्हणजे चक्क कर्ज आहे. तुम्ही कंपनी बदला, देश बदला, फोन विहिरीत टाका, ते फेडावंच लागतं. बदलू शकतं ते फक्त दुसरं.

समजा महिन्याला ४० जातात (चलन कुठलंही धरा) आणि ९ महिने उरलेत. दुसरीकडे १५ चा नुसत्या सिमचा प्लॅन दिसतो. डोक्यात लगेच आकडा येतो: महिन्याला २५ वाचले, नऊ महिन्यांत २२५. आता बिलाचं दुसरं पान उघडा. ४० पैकी २२ हँडसेटचे निघाले, तर खरी तुलना १८ विरुद्ध १५ अशी आहे. नऊ महिन्यांत वाचणार अवघे २७. मुदतपूर्व बाहेर पडायचं शुल्क २७ च्या वर गेलं, की सगळा खटाटोप आतबट्ट्याचा.

शुल्क म्हणजे 'उरलेल्या सर्व महिन्यांचं पूर्ण भाडं' असं करारात असेल, तर लवकर बाहेर पडून दमडीही वाचत नाही. जुन्याचं भाडं भरायचंच आणि नव्याचं वर. अशा वेळी निघून जाण्याचा नाद सोडा आणि त्याच कंपनीत खालच्या प्लॅनवर उतरता येतं का ते विचारा. काही करारांत ठरावीक महिन्यांनंतर ती मुभा असते. मी दोनदा हेच केलंय. दुसऱ्या खेपेला तर अख्खा प्रकार ॲपमध्येच पाच मिनिटांत उरकला, कुणाशी बोलावंही लागलं नाही.

या शुल्काला बऱ्याच ठिकाणी कायद्याने वेसण आहे, पण फोनवरचा माणूस ती आपणहून सांगत नाही. कॅनडाच्या २०१३ च्या वायरलेस संहितेप्रमाणे सवलतीत दिलेल्या फोनच्या करारात हे शुल्क सवलतीच्या रकमेहून जास्त लावता येत नाही. ते दर महिन्याला सारखं कमी होत जातं आणि २४ महिने झाले की शून्यावर येतं. युरोपियन युनियनच्या २०१८ च्या दूरसंचार संहितेत ग्राहकाला सुरुवातीलाच २४ महिन्यांहून जास्त बांधून ठेवायला मनाई आहे. करारासोबतचा फोन स्वतःकडे ठेवून बाहेर पडलात तर त्यापोटी मागायची भरपाईही बांधलेली आहे: फोनची उरलेल्या मुदतीच्या प्रमाणातली किंमत किंवा सेवेचं उरलेलं भाडं, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त मागता येत नाही. तुम्ही जिथे राहता तिथल्या नियामकाच्या संकेतस्थळावर 'मुदतपूर्व शुल्क' शोधायला दहा मिनिटं द्या. वसूल होतात.

आधी कनेक्शन बंद, मग नंबरची धावपळ

क्रम उलटा झाला तर नंबर गेला. कनेक्शन रद्द केल्यावर नंबर तुमच्या नावावर राहत नाही, आणि जो नंबर चालू नाही तो दुसरीकडे नेणं फार अवघड. मग बँकेचा ओटीपी, ईमेलचा पासवर्ड, सगळंच अडकतं. म्हणून आधी नवी कंपनी ठरवायची आणि तिच्यामार्फत नंबर हलवायचा. नंबर हलला की जुनं कनेक्शन आपोआप बंद होतं. 'रद्द करा' असं वेगळं सांगायची गरजच पडत नाही.

पद्धत देशागणिक वेगळी आहे. ब्रिटनमध्ये १ जुलै २०१९ पासून पी-ए-सी ही तीन इंग्रजी अक्षरं ६५०७५ वर पाठवली की मिनिटभरात नव्या कंपनीला द्यायचा कोड येतो. तो ३० दिवस चालतो आणि सोबत बाहेर पडायचा खर्चही कळवला जातो. नुसता खर्च जाणून घ्यायचा असेल तर इन्फो हा शब्द इंग्रजीत ८५०७५ वर पाठवायचा. भारतात पोर्ट हा शब्द आणि आपला नंबर १९०० वर पाठवल्यावर आठ अक्षरांचा कोड येतो, पण तो बहुतेक सर्कलमध्ये (दूरसंचार विभागांत) चारच दिवस टिकतो. मेसेज पाठवून निवांत बसलात, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

भारतात विनंती फेटाळली जाण्याची नेहमीची कारणं तीन. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले नसतात. मुदत उलटलेलं पोस्टपेडचं बिल बाकी असतं. किंवा नुकतंच सिम बदलून घेतलेलं असतं. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस थांबावं लागतं. अमेरिकेत थकबाकीच्या बाबतीत नियम नेमका उलटा. थकबाकी असो की मुदतपूर्व शुल्क असो, जुन्या कंपनीला नंबर अडवून धरता येत नाही. पैसे मात्र तिला नंतर वसूल करता येतात.

नंबर हलताना काही काळ रेंज नसते. त्या दिवशी बँकेचा मोठा व्यवहार ठेवू नका.

'थांबा, तुमच्यासाठी खास सूट आहे'

जायचंय म्हणून सांगितलं की फोन दुसऱ्या विभागाकडे जातो. ग्राहक टिकवणं हेच तिथल्या लोकांचं काम, आणि ते त्यात तरबेज असतात. माझं एकदाचं संभाषण साधारण असं झालं:

"मॅडम, तुम्ही इतकी वर्षं आमच्याकडे आहात. मी तुम्हाला तीस टक्के सूट लावून देतो, आत्ताच्या आत्ता."

"लावा की. पण कराराची शेवटची तारीख बदलणार का?"

जरा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज.

"तारीख म्हणजे... हा नवीन चोवीस महिन्यांचा करार होईल, मॅडम."

माझे सात महिने उरले होते. सूट खरीच होती, पण तिच्यासाठी सातचे चोवीस झाले असते. हा एक प्रश्न विचारल्याशिवाय फोनवर 'हो' म्हणू नका. तिथे तोंडी होकारसुद्धा करार धरला जाऊ शकतो, कारण संभाषण रेकॉर्ड होत असतं. 'जे म्हणालात ते ईमेलवर पाठवा, वाचून उद्या सांगते' एवढं म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. पाठवायला टाळाटाळ झाली तर ती सूट घेण्यासारखी नव्हती असं समजा.

या विभागाला नुसतं धमकावणंही फुकट जातं. दुसऱ्या कंपनीचा नेमका प्लॅन, त्याचा दर आणि आपलं उरलेलं शुल्क असे तीन आकडे कागदावर लिहून बसा. समोरचा माणूस ताबडतोब वेगळं बोलायला लागतो.

फुकट बाहेर पडायची दारं न दिसणं

शुल्काविना सुटायच्या संधी येतात, पण थोडे दिवसच उघड्या असतात. ब्रिटन आणि युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन किंवा फोनवरून केलेला करार १४ दिवसांत कारण न देता मोडता येतो. तेवढ्या दिवसांतल्या वापराचे पैसे मात्र लागू शकतात आणि हँडसेट परत द्यावा लागतो. कॅनडात फोनसह घेतलेल्या करारात १५ दिवसांची चाचणी-मुदत असते, पण वापराला मर्यादा आहे.

दुसरी संधी अटी बदलल्याच्या सूचनेतून येते. कंपनी मध्येच दर वाढवते किंवा अटी बदलते, तेव्हा युरोपियन युनियनमध्ये ग्राहकाला सहसा महिन्याभरात दंडाविना निघता येतं. अडचण एवढीच, की ही सूचना जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या ईमेलमध्ये येते आणि आपण ती न उघडता पुसून टाकतो. दरवाढ मूळ करारातच लिहून ठेवलेली असेल तर हा हक्क बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणून सही करताना 'दरवर्षी वाढ' हे शब्द शोधा. ब्रिटनमध्ये १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत अशी वाढ महागाईच्या टक्क्यांशी बांधता येत नाही, नेमकी पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावी लागते.

तिसरी संधी तर आपली आपणच घालवतो. करार संपतो, कुणी लक्ष देत नाही आणि जुनाच दर महिनोन्‌महिने चालू राहतो. फोनचा हप्ता फिटलेला असतो, तरी काही करारांत एकत्र आकडा तसाच कापला जातो. अखेरच्या तारखेच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये आजच लावा.

घरात रेंजच येत नाही, हे कारणही चालू शकतं, पण नुसतं तोंडी सांगून नाही. तारीख-वेळ दिसणारे वेगाचे स्क्रीनशॉट, प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, कोण काय म्हणालं याची दोन ओळींची नोंद एवढं महिनाभर जमवा. दुरुस्तीची संधी देऊनही सुधारलं नाही, तर दूरसंचार ग्राहकांसाठीचा लोकपाल किंवा तक्रार निवारण यंत्रणेपुढे हीच चिठोरी कामाला येतात.

'तुमचं शुल्क आम्ही भरू'

नवी कंपनी असं म्हणाली तर कधी, कसं आणि कशाच्या बदल्यात, ते विचारा. अनेकदा रक्कम रोख मिळत नाही, पुढच्या बिलांत थोडी थोडी वळती होते, आणि त्यासाठी नवा हँडसेट व नवा दोन वर्षांचा करार घ्यावा लागतो. जुन्याचं अंतिम बिल ठरावीक दिवसांत पाठवलं नाही तर ऑफर बाद.

जुना फोन दुसऱ्या कंपनीचं सिम घेतो का, हे नंबर हलवायच्या आधी बघा. मैत्रिणीचं सिम दोन मिनिटं घालून पाहिलं तरी कळतं. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना आपल्याच सिमपुरते लॉक केलेले फोन विकता येत नाहीत आणि कॅनडात डिसेंबर २०१७ पासून, पण त्याआधीचा किंवा इतर ठिकाणचा फोन अडकलेला असू शकतो.

अंतिम बिल आलं की त्यातल्या तारखा तपासा. नंबर हलल्यानंतरच्या दिवसांचं भाडं लावलंय का? ब्रिटनमध्ये २०१९ पासून ते लावताच येत नाही. आगाऊ भरलेलं भाडं आणि सुरुवातीची अनामत वजा झालीय का? बँकेतली आपोआप पैसे जायची सूचना हे बिल चुकतं झाल्यावरच काढा. भावाचं पत्र आलं त्या दिवशी मी पहिल्यांदा तीच पुन्हा चालू करायला लावली होती.