खेळाडूला सपोर्ट करायचाय? मग आधी त्याच्या भोवतीची माणसं कागदावर काढा

पोरगं नॅशनलला मेडल मारून आलं की आपल्याकडं लगेच सुरू होतं, डाएटिशियन बघा, फिजिओ बघा, मेंटल कोच बघा, आणि मग ही सगळी मंडळी एकट्या पोराला धरून बसतात, घरी काय चाललंय ते कुणालाच माहीत नसतं. युरी ब्रॉन्फेनब्रेनर या मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये मांडलं की माणूस एकात एक असलेल्या वर्तुळांत घडतो. थिअरी लहान मुलांच्या वाढीची, पण इंडिया कॅम्पच्या खेळाडूलाही चपखल बसते, डेन्मार्कच्या क्रिस्टोफर हेन्रिक्सन या क्रीडा मानसशास्त्रज्ञानं तर त्यावरूनच खेळाडूच्या भोवतालाचं मॉडेल बनवलंय.

मोठा कागद घ्या, मधे खेळाडू, भोवती रोज संबंध येणारे, म्हणजे घरचे, कोच, फिजिओ, प्रॅक्टिस पार्टनर. चित्र खेळाडूलाच काढू द्या हां, आपण काढलं की आपलंच नाव मधोमध येतं.

आता खरं काम. ही माणसं एकमेकांशी बोलतात का? बोलत असतील तिथं रेघ मारा. बहुतेक कागदांवर इथंच गळती सापडते. पैलवानाचं वजन उतरवायचं चाललंय आणि आई बिचारी लेकरू वाळलं म्हणून तूप वाढतीय, कारण वस्ताद तिच्याशी कधी बोललेलेच नाहीत. किंवा पटियाला-सोनीपतच्या कॅम्पात टेक्निक बदललं आणि सांगलीत आल्यावर घरचा कोच परत जुनंच करून घेतोय. नवीन एक्स्पर्ट आणण्याआधी खेळाडूला विचारून अशा न बोलणाऱ्या दोघांचा फोन जोडून द्या, फुकट आहे.

मग बाहेरचं वर्तुळ, जिथं खेळाडू नसतो पण फटका त्यालाच बसतो. गळीत हंगामात वडिलांची कारखान्यातली शिफ्ट बदलली की पहाटे ग्राउंडवर सोडणार कोण? ट्रायलची तारीख, प्रवासाचा खर्चही यातच. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला लोकांकडून पैसे उभे करावे लागले होते. त्याच्याही बाहेर रीतभात, म्हणजे पोरीच्या लग्नाची घाई नाहीतर कॅम्प सोडून गावच्या जत्रेत लढायचा आग्रह. हे एका मीटिंगमध्ये बदलत नसतंय, पण खेळाडूवर किती प्रेशर आहे ते तरी कळतं.

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली, पण त्याआधी तिच्या प्रॅक्टिससाठी घरच्यांनी गावातलं बिऱ्हाड साताऱ्यात हलवलं होतं. सपोर्ट म्हणतात तो हा.

एक मात्र, नुसती वर्तुळं काढून थांबू नका. नंतर नंतर ब्रॉन्फेनब्रेनरचाच भर यावर होता की माणूस घडतो तो रोजच्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या देवाणघेवाणीतून. म्हणून प्रत्येक नावापुढं लिहा, या माणसाबरोबर रोज नक्की काय होतं. "खूप सपोर्ट करतात" असलं उत्तर चालणार नाही.

दुखापत, बारावी, स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, मोठं मेडल, यातलं काहीही झालं की कागद नव्यानं काढा, कारण माणसं तीच असली तरी रेघा बदलतात. आणि तो कागद खेळाडूकडंच राहू द्या, असोसिएशनच्या फायलीला लावू नका, त्यात घरातल्या गोष्टी असतात.