हॅम्बुर्गला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन) संपत आलेल्यांसाठी

पुण्याच्या आयसर-आयुकातून, मुंबईच्या टीआयएफआरमधून इकडे डेझी या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत आलेली भौतिकीची मंडळी करार संपायला दोन महिने उरले की विचारतात, डेटा सायन्समध्ये कसं जायचं? दोन महिने पुरत नाहीत हो. वर्षभर आधी लागा.

आधी बघा, तुम्ही पगारावर आहात की शिष्यवृत्तीवर. पगारातून बेकारी विम्याचा हप्ता जातो. शेवटच्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ते गेले असतील, तर करार संपल्यावर भत्ता मिळतो. त्यासाठी ३ महिने आधीच रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं, नाहीतर आठवड्याचा भत्ता जातो. शिष्यवृत्तीवाल्यांना यातलं काहीच नाही. त्यांनी शिल्लक बाळगून ठेवावी. संशोधकाचा राहण्याचा परवाना कंपनीतल्या नोकरीला चालेलच असं धरू नका. ऑफर हातात येताच ब्लू कार्डाचा, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्याचा, अर्ज करा. त्या कार्डावर असताना जर्मन भाषेची बी-१ पातळी झाली असेल, तर २१ महिन्यांनी कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. म्हणून जर्मनचा वर्ग आत्ताच लावा, नोकरी लागल्यावर वेळ होत नाही.

मशीन लर्निंगची धास्ती घेऊ नका. त्यातली बूस्टेड डिसिजन ट्री ही पद्धत कणभौतिकीत जुनीच आहे, आणि त्याच पद्धतीचं एक्सजीबूस्ट हे सॉफ्टवेअर गाजलं त्यात कॅगल या डेटा स्पर्धांच्या संकेतस्थळावरच्या २०१४ च्या हिग्ज कणाच्या स्पर्धेचा मोठा वाटा होता. अडतं ते एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेपाशी. रूट या कणभौतिकीतल्या सॉफ्टवेअरच्या फाइलींवर वर्षं काढलेल्यांना साधा जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणारी आज्ञा, लिहिता येत नाही, आणि मुलाखतीत तोच आधी विचारतात. जॉइन, ग्रुप बाय, विंडो फंक्शन हात बसेपर्यंत लिहा.

सीव्ही दोन पानांचा करा. हिग्जच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या पेपरला ५,१५४ लेखक आहेत. त्यातलं तुमचं नाव कंपनीला काय सांगणार? त्याऐवजी तुम्ही स्वतः कोणता कोड लिहिलात, तो कोण वापरतं, त्यानं किती वेळ वाचला, ते लिहा. हे काम मन लावून करा, कारण आपलीच माणसं इथे स्वतःला फार कमी लेखतात.

मुलाखतीत ग्राहक का सोडून जातात असा प्रश्न आला, तर पाच सिग्मांची, म्हणजे कणभौतिकीत शोध जाहीर करायला लागते तेवढ्या खात्रीची, वाट बघू नका. आहे त्या माहितीवर काय कराल ते सांगा, मग त्रुटी कुठे आहे ते सांगा, याच क्रमानं.

आणि संस्था सोडण्यापूर्वी कामाचं लेखी प्रशस्तिपत्र, म्हणजे आर्बाइट्सत्सॉयग्निस, मागून घ्या. इथल्या कंपन्या ते मागतात, आणि प्रोफेसर लोकांना ते लिहायला महिने लागतात.