आउटडोअर लग्नाचे फोटो काढताना मागचा पसारा कसा हाताळायचा

एका लग्नातला फोटो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नवरी नवऱ्याकडे बघून हसतेय, डोळ्यात पाणी आलंय, लाईट एकदम मऊ, आणि तिच्या कानाला चिकटून मागे पांढरी प्लास्टिकची खुर्ची. लेन्स ८५ एमएम होती, अपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ १.८ (हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि मागचं जास्त धूसर), म्हणजे खुर्ची ब्लर झालीच होती, पण ब्लर होऊन ती गेली नाही, उलट पसरून मोठा पांढरा गोळा झाला आणि चेहऱ्याच्या आधी नजर तिथे जायला लागली.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगेन की ‘अपर्चर उघडलं की बॅकग्राउंड गेलं’ हे डोक्यातून काढून टाका. नजर कशाकडे ओढली जाते? सगळ्यात उजळ भाग, भडक रंग, वाचता येणारी अक्षरं आणि माणसांचे चेहरे. यातली अक्षरं आणि चेहरे ब्लरने जातात, पण उजेड आणि रंग तसाच राहतो, फक्त कडा मऊ होतात. त्यामुळे जागा बघायला गेलात की कॅमेरा काढायच्या आधी डोळे किलकिले करून मागे बघा. सगळं धूसर झाल्यावरसुद्धा जे टोचतं, निळं ड्रम, लाल बॅनर, उन्हात चमकणारी गाडीची काच, पांढरा तंबू, ते फोटोतही टोचणारच. आणि जे विरघळून जातं त्याची काळजी करू नका, वीट असो की झुडूप.

आता सोपा आणि फुकटचा उपाय, तो म्हणजे पाय. समजा कपल तुमच्यापासून ३ मीटरवर आहे आणि त्यांच्या मागे आणखी १० मीटरवर विजेचा खांब आहे, बरोबर नवऱ्याच्या डोक्यातून उगवल्यासारखा. तुम्ही फक्त एक फूट बाजूला सरकलात तर डोक्याच्या मागची जागा साधारण सव्वातीन फूट सरकते, कारण बॅकग्राउंड जितकं लांब तितका तुमच्या हलण्याचा फरक मोठा. म्हणजे खांब डोक्यातून बाहेर काढायला अर्धं पाऊल पुरतं, कपलला ‘जरा इकडे या, जरा तिकडे’ करत बसायची गरज नाही, त्यांचा मूड जातो त्याने. किंवा उलटा विचार करा, खांब काढायचा नाही, लपवायचा, सरकून तो नवऱ्याच्या पाठीमागे पूर्ण झाकून टाका.

वरखालीही हेच गणित. गुडघ्यावर बसलात की डोकी आकाशावर येतात आणि मागच्या पार्क केलेल्या गाड्या खाली जातात. स्टुलावर चढून खाली बघत काढलात की मागे फक्त गवत राहतं. फक्त खालून काढताना जवळ जाऊ नका, हनुवटी आणि नाकपुड्या दिसायला लागतात, लांब जा आणि टेली (८५, २०० एमएमसारखी लांबचं जवळ आणणारी लेन्स) लावा. आणि क्षितिजाची रेघ, भिंतीची वरची कड, कुंपणाची तार मानेतून जात नाही ना हे प्रत्येक वेळी बघा, मानेतून गेलेली रेघ फार वाईट दिसते, डोक्याच्या बरीच वर किंवा खांद्याच्या खाली असली तर चालून जाते.

लेन्सबद्दल लोक बोलतात ते सगळं ब्लरबद्दल असतं, पण टेलीचा खरा फायदा वेगळा आहे, ती मागचा कमी भाग दाखवते. फुलफ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा) कॅमेरा आडवा धरून कपल एवढ्याच साईजचं ठेवायचं म्हटलं, ३५ एमएमने २ मीटरवरून, ८५ ने साधारण ५ मीटरवरून, २०० ने साडेअकरा मीटरवरून, तर कपलच्या १० मीटर मागची जागा ३५ ला सव्वाबारा मीटर रुंद दिसते, ८५ ला सव्वासहा आणि २०० ला चार मीटरच्या आत. बारा मीटरच्या पट्ट्यात कचऱ्याचा डबा, जनरेटर, खुर्च्यांची चळत, काहीतरी येणारच, पण चार मीटरची स्वच्छ जागा जवळपास कुठेही सापडते, एक झाड पुरतं. म्हणून जागा वाईट असली की मी लांब जाते आणि २०० लावते, अपर्चर एफ ४ असलं तरी.

अपर्चर उघडायची किंमतही असते. ८५ एमएम, एफ १.८, ३ मीटर अंतर, यात शार्प राहणारी जाडी फक्त १३ सेंटीमीटरच्या आसपास असते. एकट्या नवरीला ठीक आहे, दोघं मागेपुढे उभे असतील तर एकाचा चेहरा गेला. कपलला गालाला गाल किंवा कपाळाला कपाळ लावून उभं करा म्हणजे दोन्ही चेहरे एका रेषेत येतात, नाहीतर सरळ एफ ४ वर जा, तिथे फूटभर जागा मिळते. मग ब्लर कुठून आणायचा? कपलला बॅकग्राउंडपासून पुढे ओढून. भिंतीला, झाडीला टेकून उभं राहायची लोकांना सवय असते, त्यांना तिथून आठ-दहा पावलं पुढे आणा, हा एक बदल महागड्या लेन्सपेक्षा जास्त काम करतो.

झाडीतही फसायला होतं. हिरवं म्हणजे चांगलं असं वाटतं, पण पानांच्या फटीतून कडक ऊन येत असेल तर प्रत्येक फट उजळ गोल होते आणि चेहऱ्यामागे ठिपकेच ठिपके. बारीक काड्याही ब्लर झाल्या की दुहेरी रेघांसारख्या दिसतात. त्यापेक्षा सावलीतली दाट झाडी घ्या, किंवा अशी जागा जिथे कपल सावलीच्या अगदी कडेला मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभं आहे आणि मागे खोल सावली आहे. चेहरे आपोआप उजळ, मागचं आपोआप गडद, त्या अंधारात काय पडलंय कुणाला दिसतही नाही. मला विचाराल तर आउटडोअर लग्नात याच्यासारखी दुसरी जागा नाही.

सावलीच नसेल, भर दुपार असेल, तर फ्लॅश. फ्लॅशचा उजेड कपलपर्यंत पोचतो, लांबच्या बॅकग्राउंडपर्यंत जवळजवळ नाही, तेव्हा आधी फ्लॅश बंद ठेवून एक्सपोजर असं लावा की बॅकग्राउंड एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड अर्धा) गडद येईल आणि मग फ्लॅशने कपल उचला. अडचण अशी की कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि एफ २ ला शटर १/६४०० सेकंदाच्या आसपास लागतं आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात जलद शटर, १/२०० किंवा १/२५० ला संपतो. मग हाय स्पीड सिंक वापरा (त्याहून जलद शटरलाही फ्लॅश चालवणारी सेटिंग, पण फ्लॅशची ताकद बरीच कमी होते, जवळ आणावा लागतो) किंवा ५ स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी गडद काच, लावा. फिल्टर आधी घरी वापरून बघा, काही फिल्टर रंग बदलतात आणि ते कळायची जागा लग्न नाही.

हे सगळं कपल पोर्ट्रेटचं झालं. विधी चालू असताना कुणाला हलवता येत नाही, म्हणून ते काम आधीच. जागा बघायला विधीच्याच वेळेला जा, कारण ताशी १५ अंशाने ऊन फिरतं आणि सकाळी सावलीत असलेली भिंत दुपारी पांढरीफटक पडते. डेकोरेशनवाल्यांशी कमान उभी करायच्या आधी बोला, नंतर नाही. ‘कमान एवढी फिरवली तर मागे पार्किंगऐवजी झाडं येतील’ असं मोबाईलवर फोटो काढून दाखवलं की सहसा लगेच ऐकतात, तोंडी सांगितलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. पाण्याच्या बाटल्या, पिशव्या, डबे स्वतः उचला. व्हिडिओवाल्याबरोबर ठरवून घ्या कोण कुठल्या बाजूला, नाहीतर प्रत्येक फ्रेममध्ये तो आणि त्याच्या प्रत्येक फ्रेममध्ये तुम्ही. आणि तरीही काही राहिलंच तर पुढचं वापरा, पुढे बसलेल्या पाहुण्यांचे खांदे, फुलं, एखादी फांदी लेन्सच्या अगदी जवळ धरली की खालचा किंवा बाजूचा पसारा तिच्या मऊ पट्ट्याखाली जातो.

ग्रुप फोटोत ब्लरची आशा सोडा, तीन ओळी शार्प हव्यात तर एफ ५.६ ते ८ लागणार. तिथे साधी, एका रंगाची, सावलीतली बाजू शोधायची आणि मागून ये-जा करणाऱ्यांना थांबवायला एक माणूस उभा करायचा, बस.

एडिटिंगवर ढकलायचं असेल तर निदान शूट करताना सोय करून ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर लोक बाजूला झाल्यावर तीच फ्रेम, तोच फोकस, तेच एक्सपोजर ठेवून एक रिकामा फोटो काढा, नंतर मागचा माणूस किंवा खुर्ची त्यातून झाकणं दोन मिनिटांचं काम. नाहीतर बॅकग्राउंडला मास्क करून (म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून) हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, खाली आणा आणि ज्या रंगाचा त्रास होतोय त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, उतरवा, माझ्या त्या पांढऱ्या खुर्चीला शेवटी एवढंच केलं, राखाडी करून टाकली. खोटा ब्लर मात्र नवरीच्या फोटोला लावू नका, सुटलेले केस आणि पातळ ओढणी यांच्या कडा सॉफ्टवेअरला नीट कापता येत नाहीत आणि अल्बममध्ये मोठ्या साईजला छापलं की तिथली पांढरी किनार लगेच दिसते.