ह्युमिडिफायर लावताना स्क्रीनपेक्षा नळीकडे बघा

परवा नाईटला नवीन जॉइन झालेल्या ब्रदरने विचारलं, ताई, मुंबईत ऑगस्टमध्ये दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत एवढी दमट हवा, मग व्हेंटवरच्या (व्हेंटिलेटरवरच्या) पेशंटला वेगळा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओली-गरम करणारं यंत्र, कशाला? हसू आलं पण प्रश्न वाईट नाहीये. एक तर पेशंट मुंबईची हवा घेतच नाही, तो भिंतीतल्या पाइपातला गॅस घेतो आणि तो कोरडा ठाक असतो. आणि समजा घेतली, तरी 30 डिग्रीची हवा अगदी पूर्ण भिजलेली असली तर एका लिटरमध्ये 30 मिलिग्रॅमच्या आसपास पाणी मावतं, फुफ्फुसात खाली पोचेपर्यंत लागतं 37 डिग्रीला 44 मिलिग्रॅम. मधली भर एरवी नाक-घसा घालतात. श्वासनलिकेत ट्यूब टाकली की आपण नाकालाच बायपास केलं, मग ती भर मशीनने घालायची. नाही घातली तर स्राव सुकून चिकट होतो, ट्यूबच्या आत थरावर थर बसतो आणि नेमकी पहाटे चारला ट्यूब ब्लॉक.

आधी बघा एचएमईवर भागतंय का. एचएमई म्हणजे तो ट्यूबला लावायचा छोटा डबीसारखा फिल्टर, पेशंटच्याच उच्छ्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाला परत देतो. ऑपरेशननंतर थोडा वेळ व्हेंट आहे, सीटीला न्यायचंय, तिथे मस्त चालतो. पण स्राव घट्ट किंवा रक्ताळ असेल, मिनिट व्हॉल्युम (मिनिटाभरात श्वासाने जाणारी हवा) 10 लिटरच्या वर जात असेल, अंगाचं टेंपरेचर 32 च्या खाली असेल, किंवा लीक इतकं की आत गेलेल्या हवेतली 70 टक्केही परत येत नाही, तर एचएमई नको, डॉक्टरांना सांगून हीटेडवर (पाणी तापवून वाफ देणाऱ्या ह्युमिडिफायरवर) घ्या. आणि दोन्ही एकत्र अजिबात नाही!! हीटेड चालू केला आणि जुना फिल्टर काढायचा राहिला हे अजूनही होतं, तो फिल्टर पाणी पिऊन बसतो आणि पेशंट बिचारा ओल्या फडक्यातून श्वास ओढतोय असं होतं.

आता हीटेड लावायचा कसा. ह्युमिडिफायर पेशंटच्या डोक्यापेक्षा खालच्या लेव्हलला पाहिजे, म्हणजे नळीत पाणी जमलं तरी उतार पेशंटकडे नसतो. चेंबर (पाण्याचं भांडं) तापणाऱ्या बेसवर सरकवून नीट बसला का हाताने हलवून बघा. पाणी फक्त स्टराईल वॉटर. एनएसची (नॉर्मल सलाइन, मिठाचं पाणी) बाटली आणि स्टराईल वॉटरची बाटली दिसायला सख्ख्या बहिणी, घाईत हात चुकतो, लेबल वाचल्याशिवाय स्पाइक मारायचा नाही. एनएस गेलं तर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, चेंबरच्या तळाला पांढरी खपली धरते. नळाचं पाणी तर नाहीच, साध्या ऑक्सिजनच्या बबल बाटलीत पण नाही, 2021 ला म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वेळी आयसीएमआरने सुद्धा हेच बजावलं होतं. कडक बाटली लावली तर हवेची झडप उघडायची नाहीतर पाणी उतरतच नाही आणि तुम्ही चेंबरला दोष देत बसता. पाणी वरच्या रेषेच्या पुढे चढलं तर चेंबर सरळ बदला, फ्लोट (पाणी अडवणारा तरंगता भाग) बिघडलाय, ते पाणी पेशंटकडे जाऊ शकतं.

(हे यंत्र न्यूझीलंडमध्ये पहिल्यांदा बनवलं तेव्हा चेंबर म्हणून फळं टिकवायची काचेची बरणी वापरली होती म्हणे, म्हणजे आपली लोणच्याची बरणीच की.)

आधी व्हेंटचा फ्लो चालू, मग ह्युमिडिफायर. उलटं नको. ट्यूब किंवा ट्रॅक (गळ्याला छिद्र करून घातलेली नळी) असेल तर इन्व्हेसिव्ह मोड, आमच्याकडच्या मशीनवर चेंबरला 37 आणि नळीच्या पेशंटकडच्या टोकाला 40, ते वरचे तीन डिग्री अशासाठी की वाफ वाटेत नळीतच थंड होऊन पाणी होऊ नये. मास्कवर बायपॅप असेल तर नाक काम करतंच, तिथे नॉन-इन्व्हेसिव्ह, 31. हाय फ्लोला (नाकातल्या कॅन्युलातून जोरात ऑक्सिजन देतात तो) 37, पेशंट फार गरम लागतंय म्हणाला तर 34 करून बघतात, पण बंद करू नका, 50-60 लिटरने कोरडी हवा नाकात मारली तर तासाभरात तो कॅन्युला उपटून टाकेल. मशीन तापायला वेळ लागतो, लावल्या लावल्या आकडा दिसला नाही म्हणून घाबरू नका.

आता खरं सांगायचं ते. आकडा बरोबर म्हणजे पेशंटला ओल मिळतेय असं नाही, तो आकडा प्रोबचा (टेंपरेचर मोजणाऱ्या सेन्सरचा) आहे. माझीच गोष्ट, एका रात्री बेड बरोबर एसीच्या झोताखाली, स्क्रीनवर सगळं छान, आणि व्हेंटवर श्वासांचा रेट मिनिटाला 14 सेट असताना 34-35 दिसतोय. रेझिडंट म्हणाला पेशंट फाइट करतोय, सेडेशन वाढवूया. मी नळी हातात घेतली तर आत गुळगुळ पाणी, ते हललं की व्हेंटला वाटायचं पेशंटने श्वास घेतला. वॉटर ट्रॅपमध्ये रिकामं केलं, रेट 16 वर आला. मग मामांना सांगून बेड दीड फूट सरकवला, झाला विषय.

म्हणून दर वेळी नळी बघायची. ट्यूबजवळच्या कोपऱ्यात थोडे दवाचे थेंब असले तर चांगलं लक्षण. एकदम कोरडं खट्ट असेल तर ओल कमी पडतेय. पाण्याचे डबके दिसले तर एसी, पंखा, नळी गरम ठेवणाऱ्या हीटर वायरचा प्लग बघा. प्रोब निघून लोंबतोय का तेही बघा, बाहेर थंड हवेत लोंबला तर मशीनला वाटतं गॅस गार आहे आणि ते तापवतच सुटतं. लहान बाळांच्या वॉर्डात प्रोब वॉर्मरच्या खाली सरळ येऊ देऊ नका, तिथे उलटं होतं, मशीनला वाटतं भरपूर गरम आहे आणि ते मुकाट्याने कमी तापवतं. आणि सगळ्यात खरं उत्तर सक्शनला (स्राव ओढून काढताना) मिळतं, स्राव पातळ येतोय का कॅथेटरला गोंदासारखा चिकटतोय. चिकटत असेल तर स्क्रीन काही का म्हणेना, डॉक्टरांना सांगा.

जमलेलं पाणी काढताना नळी पेशंटपासून लांबच्या बाजूला उतरती धरायची, ग्लोव्हज घालून, आणि ते पाणी परत चेंबरमध्ये ओतायचं नाही, ते घाण पाणी आहे, त्यात पेशंटचे जंतू असतात. सर्किट रोज बदलायची गरज नसते, घाण दिसलं किंवा फाटलं तर बदला.

सीटीला नेताना व्हेंट काढायच्या आधी ह्युमिडिफायर स्टँडबायला टाका, नाहीतर फ्लो बंद आणि प्लेट चालू, परत जोडलं की पहिला झोत कढत जातो. आणि पेशंट परत आला की एचएमई काढा, मग हीटेड चालू करा, ओव्हर (पुढच्या शिफ्टला चार्ज) देताना दोन्ही गोष्टी तोंडाने सांगा, नुसतं लिहून ठेवलेलं सकाळच्या गर्दीत कोणी वाचत नाही.